व्हानमूरची मिरवणूक: पुरावा की वकिलाची हौस?

धागाकर्ता: ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं चित्रकार ज्याँ-बाप्तिस्त व्हानमूरचं एक चित्र मला फार आवडतं. १४ सप्टेंबर १७२७. डच वकील, म्हणजे राजदूत, कॉर्नेलिस कालकून इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्याच्या दुसऱ्या चौकातून उस्मानी सुलतान तिसऱ्या अहमदच्या भेटीला निघालाय, आणि त्याच चौकात जानिसारी (सुलतानाच्या पायदळातले) शिपाई पुलावाच्या थाळ्यांकडे धावत सुटलेत. रोकोकोतला (अठराव्या शतकातल्या नटव्या युरोपीय शैलीतला) ‘तुर्की थाट’ म्हणून लोक हे चित्र उडवून लावतात, ते मला पटत नाही. व्हानमूर १६९९ला इस्तंबूलला गेला आणि १७३७ला तिथेच वारला. हा डोळ्यांनी पाहिलेला पुरावा आहे.

रंगपेटी: साफ असहमत. फ्रेंच, व्हेनिशियन, डच, सगळ्या वकिलांना त्याने जवळपास तीच चित्रं काढून दिली. नक्षा तोच, चेहरे बदललेले. वकिलाला मायदेशी भिंतीवर टांगायला आपला मानमरातब हवा होता, तो याने पुरवला. याला पुरावा कसं म्हणायचं?

धागाकर्ता: चेहरे बदलले हे खरंच. पण समारंभ तरी कुठे बदलत होता? शिपायांच्या पगाराच्या दिवशीच वकिलाला बोलवायचं, म्हणजे फौज आणि पैसा दोन्ही त्याच्या डोळ्यांत भरतात. मग वजिराबरोबर जेवण, मग अंगावर कफ्तान, म्हणजे मानाचा लांब झगा, मग दोन्ही दंड धरून सुलतानापुढे उभं करायचं. साचा दरबाराचाच होता. आणि पुलावाची ती धावपळ बघा: शिपायांनी अन्नाला हात लावला नाही तर ती बंडाची खूण. तीनच वर्षांनी, १७३०मध्ये, जानिसारी पात्रोना हलीलच्या उठावात सुलतान गादीवरून गेला, वजीर इब्राहिम पाशा जिवाला मुकला. व्हानमूरने पात्रोना हलीलचंही चित्र काढलंय. नुसता थाट रंगवणारा ते कशाला काढेल?

मोडीवाचक: कफ्तानाचा मुद्दा महत्त्वाचा. आपल्या जुन्या मराठी कागदांतली खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, ती हीच. पेशवाईची वस्त्रंसुद्धा साताऱ्याहून छत्रपतींकडून यायची. वस्त्र घेतलं की देणाऱ्याचं थोरपण मान्य केलं. म्हणजे व्हानमूरच्या दुसऱ्या, प्रत्यक्ष भेटीच्या चित्रात कफ्तान घालून उभा असलेला कालकून सुलतानाचं अन्न खाऊन, सुलतानाचं कापड पांघरून उभा आहे. यात वकिलाची खुशामत कुठे दिसते?

रंगपेटी: कालकूनला तो मानच वाटला असणार, नाहीतर त्याने ही चित्रं जपली नसती! पुलावाचा मुद्दा मात्र मानते, तिकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. तरी नुसत्या चित्रावरून निष्कर्ष काढू नये, शेजारी वकिलातीचे कागद हवेतच.

धागाकर्ता: कागद हवेत, कबूल. पण व्हेनिसच्या ग्वार्दी बंधूंची तुर्की चित्रं शेजारी लावून बघा. ती व्हानमूरच्या चित्रांवरून निघालेले छाप समोर ठेवून केलेली. रंग सुंदर, पण ती माणसं कशाची तरी वाट बघत उभी आहेत असं वाटतं. व्हानमूरच्या चौकात शिपायांना भूक लागलेली आहे.