व्यायच्या आधी कॅल्शियम, सोडा, बायपास फॅट: काय चालू ठेवायचं?

प्रश्न – चौथं वेत
एचएफ गाय, व्यायला २१ दिवस बाकी. मागच्या वेताला व्यायल्या रात्रीच बसली, शिरेतून कॅल्शियम दिल्यावर उठली, पुढे आठव्या दिवशी किटोसिस (ऊर्जा कमी पडून रक्तात किटोन वाढण्याचा आजार). सध्या रोज २० किलो हिरवा लसूणघास, मुरघास, वाळली वैरण, ३ किलो खुराक, १०० मिली लिक्विड कॅल्शियम, १०० ग्रॅम खायचा सोडा, १५० ग्रॅम बायपास फॅट (कोठीपोटात न फुटता पुढे जाणारी चरबी). यातलं काय बंद करू?

गव्हाणी
सोडा आणि लसूणघास आजच बंद. २० किलो लसूणघासात कोरडा भाग साधारण ४ किलो, त्यात १०० ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम. गाय दिवसाला ११ किलो कोरडं खात असेल तर नुसत्या या पोटॅशियमने डीकॅड (आहारातले सोडियम-पोटॅशियम आणि क्लोराइड-सल्फर यांच्या विद्युतभारातला फरक; तो वाढला की रक्त अल्कधर्मी होतं) किलोमागे सुमारे २३० मिलिइक्विव्हॅलंटने (भार मोजायचं एकक) चढतो. सोडा त्यात आणखी ११० टाकतो. रक्त अल्कधर्मी झालं की पॅराथायरॉइड (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारी ग्रंथी) कितीही ओरडली तरी हाडं कॅल्शियम सोडत नाहीत. इकडे चिकातून कॅल्शियम जायला लागतं आणि गाय बसते.
लिक्विड कॅल्शियमचं लेबल एकदा वाचा, १०० मिलीत फार तर दोन-तीन ग्रॅम निघेल. लसूणघासातूनच ५० ग्रॅमवर जातंय. बाटलीवरचा खर्च वाचवा.

रवंथ
सहमत, पण अर्धंच काम झालं. आता मायनस डीकॅडचं मिश्रण (अमोनियम क्लोराइड, मॅग्नेशियम सल्फेट वगैरे डीकॅड उतरवणारे क्षार) सुरू करा, आहाराचा डीकॅड उणे १०० ते उणे १५० पर्यंत आणायचा. चव कडू असते, मुरघासात नीट कालवून द्या. तीन दिवसांनी लघवीचा पीएच बघा: योनीखाली हलकं चोळलं की गाय लघवी करते, पहिली धार सोडून मधली घ्या. ६.० ते ६.८ हवा. ५.५ च्या खाली गेला तर क्षार जास्त झालेत, गाय खाणं सोडेल.
आणि लसूणघास काढायचा तो पोटॅशियमपायी. हे क्षार चालू असताना आहारातलं कॅल्शियम मुद्दाम तोडू नका.

प्रश्न – चौथं वेत
पीएचची पट्टी ७.५ च्या खाली आलीच नाही तर?

रवंथ
आधी गव्हाण बघा, क्षार तळाशी तसेच राहिलेत का. नसतील तर खुराकाची गोणी बघा. दुभत्या जनावरांच्या गोळी पेंडीत सोडा बऱ्याचदा आधीच मिसळलेला असतो. गाभण गाईला ती नकोच. व्याली की मात्र हे क्षार त्याच दिवशी बंद, तेव्हा सोडा चालेल.

कासदार
बायपास फॅटही आत्ता थांबवा. व्यायच्या तोंडावर खाणं आधीच घटलेलं असतं, त्यात फॅटने आणखी घटतं. किटोसिसमध्ये अडचण ग्लुकोजची असते, फॅटपासून ग्लुकोज जवळजवळ बनतच नाही. व्यायल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, खाणं सुधारलं की द्या. कोलीन (यकृतातली चरबी बाहेर काढायला मदत करणारं पोषकद्रव्य) द्यायचं तर रुमेन-संरक्षितच, म्हणजे कोठीपोटात न फुटणारं; साधं कोलीन कोठीपोटातले जंतूच संपवतात.
अंगाने कशी आहे ते लिहिलं नाहीत. अंगावरच्या चरबीचा स्कोर (१ ते ५) ३.२५ च्या आसपास हवा, ३.७५ च्या वर असेल तर किटोसिस परत येण्याची धास्ती जास्त. पण आता उपाशी ठेवून उतरवू नका, त्यानेच यकृतात चरबी साठते.
व्यायल्यावर ३ ते १४ दिवसांत दोन-तीनदा मीटरवर रक्तातलं बीएचबी (किटोनचा प्रकार) तपासा. १.२ मिलिमोल/लिटर किंवा जास्त आलं तर प्रोपिलीन ग्लायकॉल ३०० मिली, दिवसातून एकदा, ५ दिवस, तोंडाने. खाद्यावर ओतलं तर ते थोडंथोडं पोटात जातं आणि असर कमी पडतो. चांगलं वाटलं म्हणून दुप्पट करू नका, गाय झिंगते.

गव्हाणी
एक राहिलं. चौथ्या वेताची, त्यात आधी बसलेली, म्हणजे कॅल्शियम बोलस (तोंडाने द्यायची मोठी गोळी) हवाच: एक व्याल्याबरोबर, दुसरा १२ ते २४ तासांनी. पण गाय उभी असेल तरच. बसली, मान कुशीकडे वळवली, कान गार लागले की तोंडातून काहीही देऊ नका. गिळता येत नाही, औषध फुफ्फुसात जातं. तेव्हा डॉक्टरच बोलवा. शिरेतलं कॅल्शियमही हळूच जायला हवं, हृदयाचे ठोके ऐकत. घाईने सोडलं तर गाय जागीच जाते.