मदत हवी आहे: आई-बाबांना कालव्यांतून छोट्या बोटीने फिरवायचंय, बोट आपणच चालवायची

दाभोळकर_खाडीवाला
नमस्कार मंडळी. आई-बाबा एप्रिलच्या शेवटी इकडे येतायत. त्यांना कालव्यांतून छोट्या बोटीने फिरवायचंय. काचेच्या लांबलचक बोटीत कानाला हेडफोन लावून बसवायचं नाहीये, बाबांना ते अजिबात आवडणार नाही. बोट भाड्याने घेऊन आपणच चालवायची. लायसन्स लागतं का? रस्ता कुठला धरावा? शनिवार-रविवारच जमेल. बुकिंग आज-उद्यात करायचंय, तेव्हा ज्यांनी खरोखर केलंय त्यांनी कृपया पटकन सांगा.

मृण्मयी_०७
इकडे म्हणजे कुठे? शहर कुठलं? किती जण आहात? आई-बाबांची वयं काय?

भटका_जोशी
व्हेनिस असेल तर स्वतः बोट चालवायचा विचार सोडून द्या. तिथली वाहतूक नवख्याच्या आवाक्यातली नाही. ग्रँड कॅनालमध्ये तर पर्यटकांना कयाकही नेता येत नाही. गोंडोल्याचा दर पालिकेने ठरवलेला आहे, दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी ७ नंतर ११०. दर माणशी नाही, अख्ख्या गोंडोल्याचा. त्यापेक्षा १ नंबरची व्हापोरेत्तो (तिथली पाण्यातली बस) पकडा, पुढची सीट मिळवा, सगळा ग्रँड कॅनाल निवांत बघून होतो. आणि पलीकडे जायला 'त्रागेत्तो' असतो, दोन युरोत उभ्याने गोंडोल्यातून कालवा ओलांडता येतो. आम्हाला तोच जास्त आवडला.

दाभोळकर_खाडीवाला
व्हेनिस नाही हो, अ‍ॅमस्टरडॅम. आम्ही अ‍ॅम्स्टलवेनला राहतो. बाबा ७१, आई ६६. लायसन्सचं कोणी सांगेल का?

ट्यूलिपताई
लायसन्स लागत नाही. नेदरलँड्समध्ये १५ मीटरपेक्षा लांब किंवा ताशी २० किमीपेक्षा जोरात जाणारी बोट असेल तरच परवाना लागतो. भाड्याच्या विजेवरच्या बोटी (इथे त्यांना स्लूप म्हणतात) यात कुठेच बसत नाहीत. चालवणारा १८ च्या वरचा असावा असं बहुतेक भाडेवाले म्हणतात. डिपॉझिट घेतात, दहा मिनिटं शिकवतात आणि सोडून देतात.

पण नियम आहेत आणि पाणपोलीस खरंच थांबवतात. उजव्या बाजूने चालायचं. आतल्या कालव्यांत ताशी ६ किमी, म्हणजे काठावरून भरभर चालणारा माणूस तुमच्याबरोबर राहील. पर्यटकांच्या मोठ्या बोटींना नेहमी आधी जाऊ द्यायचं, त्या पुलाखाली वळताना जवळजवळ पूर्ण रुंदी घेतात. काही अरुंद कालवे एकेरी आहेत. बिअर घेऊन बसायची पद्धत आहे इथे, पण चालवणाऱ्याला गाडीसारखीच रक्तातल्या अल्कोहोलची ०.५ प्रति हजारची मर्यादा. आणि स्टेशनच्या मागच्या मोठ्या पाण्यात (आय) अजिबात जायचं नाही. तिथे मालवाहू जहाजं आणि फेरी असतात, भाड्याच्या बोटींना तिकडे मनाई असते.

कोकणचा_तांडेल
धागाकर्ते दाभोळचे दिसतायत. बाबांना पाण्याची सवय आहे का?

दाभोळकर_खाडीवाला
हो. आजोबांची होडी होती, बाबा लहानपणापासून खाडीत वल्हं मारत मोठे झाले. नोकरीसाठी पुण्यात आले आणि सगळं सुटलं. गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर त्यांना इथला कालवा दाखवला तर म्हणाले, "आता मला कोण होडी देणार?" म्हणून हा सगळा खटाटोप आहे. सुकाणू त्यांच्याच हातात द्यायचंय.

कोकणचा_तांडेल
मग द्याच. आपली माणसं पाणी विसरत नाहीत. फक्त एक आधी सांगून ठेवा. काही स्लूपांना गाडीसारखं चाक असतं, काहींना मागे दांडा. दांड्याचीच मागा. दांडा डावीकडे लोटला की नाळ (बोटीचं पुढचं टोक) उजवीकडे वळते. चाकवाल्या पिढीचा इथे पहिली पाच मिनिटं गोंधळ होतो, बाबांचा होणार नाही. बोटीला ब्रेक नसतो, थांबायचं तर रिव्हर्स. वारा आडवा असला की नाळ बाजूला सरकत जाते आणि हळू चालवलं तर जास्तच सरकते, कारण सुकाणूला पाणी पुरत नाही. पुलाच्या तोंडाशी घाबरून वेग पार कमी करतात आणि मग भिंतीला घासतात. बेताचा वेग ठेवून सरळ आत शिरायचं. हात आत. मुलं असतील तर त्यांचे हात दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवायचे.

सुलेखा_के
वडील ७१ चे आहेत म्हणता. गुडघे कसे आहेत? चढ-उतार जमते का? आणि या बोटींत टॉयलेट नसतं, ते धरून चाला.

पेशवाई_थाट
एवढा खर्च कशाला, सुट्टीत केरळला न्या की. अलप्पुळाला हाउसबोट घ्या, गरम गरम जेवण, झोपायला खोली. आई-बाबांना तिथे घरच्यासारखं वाटतं. आमच्या आईला खूप आवडलं होतं.

ट्यूलिपताई
अहो, ते नेदरलँड्सला येतायत. तिकिटं झाली असतील.

पेशवाई_थाट
मी पर्याय सुचवला. पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

दाभोळकर_खाडीवाला
बाबांचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय. सपाटीला काठीशिवाय चालतात. जिने हळू. आईला पाण्याची भीती आहे, पण ती येणार म्हणते.

सुलेखा_के
हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. गुडघा बदलला असेल तर खरी अडचण बोटीत पाय टाकतानाच येते. धक्का आणि बोटीची कड यांत उंचीचा फरक असतो. पाय टाकला की बोट खाली दबते आणि बाजूला सरकते. आमच्या सासऱ्यांना दोघांनी दंडाला धरून उतरवावं लागलं होतं. मधोमध पाय टाकायचा, कडेवर नाही. तरंगता धक्का असलेलाच भाडेवाला शोधा, बोट आणि धक्का साधारण एका उंचीवर राहतात.

भटका_जोशी
म्हणूनच म्हणतो, मोठी बोट घ्या. टॉयलेट असतं (सगळ्यांत नाही, विचारून घ्या), चढायला नीट पायरी, पाऊस आला तरी भिजत नाही. एप्रिलअखेरीस तिथे वारा बोचतो. हट्ट कशाला?

कोकणचा_तांडेल
हट्ट नाही हो, त्यांच्या वडिलांची इच्छा आहे. काचेमागे बसून खाडी बघायला सांगा कुणा कोकणातल्या माणसाला.

डच_दप्तर
मी इथे इतिहासाचे फेरफटके करतो, म्हणून थोडं सांगतो. १६१३ पासून शहराभोवती हे अर्धवर्तुळाकार कालवे खणायला लागले. सिंगल आधीचा, मग हेरेनग्राख्त, कैझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त. २०१० साली युनेस्कोच्या यादीत आले. शहर मऊ मातीवर आहे, म्हणून सगळं लाकडी खांबांवर उभं आहे. डाम चौकातला राजवाडा, जो मुळात नगरभवन म्हणून १६४८ पासून बांधला, तो १३,६५९ खांबांवर उभा आहे. बोटीतून वर पाहिलंत की घरांच्या कपाळावर एक तुळई आणि आकडा दिसेल. जिने इतके अरुंद की सामान त्या आकड्याला दोर बांधून खिडकीतून आत घेतात, अजूनही. म्हणून कित्येक घरांच्या दर्शनी भिंती मुद्दाम पुढे झुकलेल्या आहेत, वर जाणारं सामान भिंतीला घासू नये म्हणून. हे रस्त्यावरून कळत नाही, पाण्यातूनच कळतं.

मृण्मयी_०७
सुरेख माहिती. पण त्यांना रस्ता हवाय.

डच_दप्तर
रस्ता: आम्स्टेल नदीवरून निघून माहेरे ब्रुग हा पांढरा लाकडी पूल बघा. मग हेरेनग्राख्तमध्ये शिरा. रेगुलिर्सग्राख्तच्या तोंडाशी क्षणभर थांबलात तर एकामागे एक सात पूल दिसतात. पण सगळ्या मोठ्या बोटी तिथेच थांबतात, मागे बघत राहा. तिथून पुढे हेरेनग्राख्तचं वळण, धनिक व्यापाऱ्यांची रुंद घरं. शेवटी प्रिन्सेनग्राख्त, तिथे राहत्या बोटी काठाला आहेत, त्यांच्याजवळून अगदी हळू जा, लाट उठली की त्यांच्या घरातली भांडी हलतात.

निवांत_नाशिककर
अवांतर विचारतो: सासूबाईंच्या शेंगेन व्हिसाला मुलीचं निमंत्रणपत्र पुरतं का जावयाचंही लागतं?

ट्यूलिपताई
त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे हरवेल. आणि धागाकर्ते, नक्की तारीख कुठली? २७ एप्रिल राजाचा वाढदिवस आहे. त्या दिवशी अख्खं शहर पाण्यावर असतं, कालव्यांत बोटीला बोट लागते, गाणी, नाच, नारिंगी कपडे. बऱ्याच भाडेवाल्यांचे त्या दिवशी वेगळे नियम आणि दर असतात. ७१ वर्षांच्या माणसाला सुकाणू द्यायचा तो दिवस नाही. ५ मेच्या संध्याकाळी आम्स्टेलवर मोठी मैफल असते, तेव्हा तिकडचं पाणीही अडतं.

दाभोळकर_खाडीवाला
तारीख ठरायची आहे, मेचा पहिला किंवा दुसरा शनिवार. आणि ताई-भावोजी आणि त्यांची दोन मुलं पण येणार, म्हणजे आम्ही नऊ जण.

सुलेखा_के
नऊ! बऱ्याच भाड्याच्या स्लूपांत सहा ते आठच बसतात. बहुतेक ठिकाणी संख्या मोजून सोडतात आणि ते योग्यही आहे.

कोकणचा_तांडेल
दोन बोटी घ्या. एक बाबा, एक भावोजी.

भटका_जोशी
आणि दोन बोटी शनिवारी दुपारी अ‍ॅमस्टरडॅमच्या गर्दीत एकमेकींच्या मागे? शक्य आहे, पण मजा नाही. आम्ही एका भाडेवाल्याकडून शनिवारी घेतली होती, बॅटरी अर्ध्यात संपली आणि फोन कोणी उचलेना. निघण्याआधी चार्जचा आकडा बघा आणि आणीबाणीचा नंबर त्यांच्यासमोर लावून बघा.

लायडनवासी
कुणीच लायडनचं नाव घेतलं नाही म्हणून लिहितो. अ‍ॅमस्टरडॅमहून ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासावर. तिथेही विजेवरच्या बोटी भाड्याने मिळतात, तिथेही कालव्यांचं जुनं शहर. जुन्या शहराला वेढून सिंगल, म्हणजे जुन्या खंदकाचं पाणी आहे, रुंद आणि शांत, मोठ्या बोटींची रांग नाही. काठावर १७४३ ची दे फाल्क ही उंच पवनचक्की दिसते. आत वळलात की चित्रकार रेम्ब्रांट जिथे १६०६ साली जन्मला तो भाग. फक्त आतले पूल फार बुटके आहेत, उंच माणसाला खरंच वाकून डोकं गुडघ्याशी आणावं लागतं. बाबांचा गुडघा बघता सिंगलवरच राहा. सकाळी दहाला निघालात तर पाणी जवळजवळ तुमचंच असतं.

डच_दप्तर
उत्रेख्त शहरही छान आहे. तिथल्या औदेग्राख्त कालव्याच्या काठावर पाण्याच्या पातळीला जुनी तळघरं आहेत, आता तिथे कॅफे आहेत. असं दुसरीकडे नाही. शिवाय सत्तरच्या दशकात बुजवून मोटाररस्ता केलेला खंदक २०२० साली पुन्हा पाण्याने भरला, त्यामुळे जुन्या शहराला बोटीने पूर्ण फेरी मारता येते.

सुलेखा_के
त्या तळघरांच्या घाटावर उतरायला रस्त्यापासून पायऱ्या आहेत. गुडघा विसरू नका. लायडनला +१.

दाभोळकर_खाडीवाला
लायडन पटलं. असं करतो: पहिल्या दिवशी अ‍ॅमस्टरडॅमला नऊही जण मोठ्या बोटीतून, त्यात आई निर्धास्त बसेल आणि रस्ता डच_दप्तर यांनी सांगितल्यासारखाच जातो का ते विचारून घेतो. दुसऱ्या शनिवारी सकाळी लायडनला, बाबा, मी, भावोजी आणि मोठा भाचा, एवढेच. दांडा बाबांकडे. बाकीचे काठावरून बघतील. लाइफ जॅकेट मुलांसाठी मिळतात का मोठ्यांसाठीही?

लायडनवासी
मोठ्यांसाठीही मागितली तर देतात, बुकिंग करतानाच माप कळवा. आणि फोनवर एवढंच विचारा: धक्का तरंगता आहे का, दांड्याची बोट आहे का. जमलं तर धक्क्याचा फोटो मागवा. बाबांना कडक तळव्याचे बूट नकोत, रबरी तळव्याचे घाला. वारा जोराचा असेल तर त्या सकाळी भाडेवालेच तारीख बदलून देतात.

कोकणचा_तांडेल
बाबांना आमचा नमस्कार सांगा. आणि धागा वर आणून कसं झालं ते लिहा.