एच-१बी चालू असतानाच ग्रीन कार्डचा अर्ज करा

तुमचा नवरा अमेरिकन नागरिक आहे आणि तुम्ही एच-१बीवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर), मग व्हिसाची मुदत संपत येईपर्यंत थांबायचं कशाला? आय-१३० (नवऱ्याने तुमच्यासाठी करायची याचिका) आणि आय-४८५ (तुमचा ग्रीन कार्डचा अर्ज) एकत्रच भरता येतात. ग्रीन कार्डचा अर्ज केल्याने एच-१बीला धक्का लागत नाही. (नवरा नुसता ग्रीन कार्डधारक असता तर आधी एफ२ए, म्हणजे ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदार-मुलांच्या, रांगेतली तारीख पाहावी लागली असती.)

ईएडी (ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असताना मिळणारा कामाचा परवाना) हातात येताच नोकरी बदला, असं काही जण सुचवतात, ते मला मुळीच पटत नाही. ईएडीवर दुसरीकडे काम सुरू केलं की एच-१बी सुटतो, आणि उद्या आय-४८५ नामंजूर झाला तर पायाखाली काहीच उरत नाही. शिवाय एच-१बी टिकवला तर वैध व्हिसावर भारतात जाऊन त्याच नोकरीवर परत येता येतं, अ‍ॅडव्हान्स पॅरोलसाठी (अर्ज प्रलंबित असताना बाहेर जाऊन परतण्याच्या आगाऊ परवानगीसाठी) अडकून पडावं लागत नाही.

खरा वेळ जन्मदाखल्यात जातो. आपल्याकडच्या कित्येक जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं. नगरपालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून ते घालून घ्यायला घरच्यांना आजच सांगा. नोंदच सापडली नाही तर अनुपलब्धता दाखला आणि आईवडिलांची प्रतिज्ञापत्रं जोडा. आय-६९३चा वैद्यकीय तपासणी अहवालही आता आय-४८५सोबतच द्यावा लागतो.