सियाने स्वतःची गाणी इतरांना का दिली, आणि मग नाकारलेली गाणी स्वतः का गायली?

जुनी_कॅसेट (प्रश्न)

नमस्कार. ऑस्ट्रेलियन गायिका सिया (पूर्ण नाव सिया फर्लर) हिची 'शँडेलिअर' आणि 'चीप थ्रिल्स' ही गाणी मी बरीच वर्षे ऐकत आलो आहे. मागच्या आठवड्यात रिहानाच्या 'डायमंड्स'ची श्रेयनामावली सहज पाहिली, तर गीतलेखनात सियाचे नाव दिसले. बियॉन्सेच्या 'प्रिटी हर्ट्स'मध्येही तेच. आजवर माझी समजूत अशी होती की, ज्यांना अजून नाव मिळालेले नाही असे होतकरू कलावंत सुरुवातीला मोठ्या गायकांसाठी लिहितात आणि संधी मिळताच स्वतः पुढे येतात. परंतु तारखा जुळवून पाहिल्या, तर सियाचा पहिला एकल अल्बम 1997 सालचा आहे आणि 'डायमंड्स' 2012 सालचे, म्हणजे क्रम नेमका उलटा. पंधरा वर्षे स्वतः गायलेल्या बाईने आपली सर्वांत जोरकस गाणी दुसऱ्यांच्या हवाली का करावीत? आणखी एक शंका आहे. 'डायमंड्स'मध्ये रिहानाचे उच्चार आणि स्वर तोडण्याची पद्धत मला सियासारखी वाटते. हा भास आहे, की त्यामागे काही कारण आहे?

मंद्र_सप्तक

तारखा आपण बरोबर जुळवल्या आहेत, आणि भासही नाही. सियाच्या बाबतीत दुसऱ्यांसाठी लिहिणे ही उमेदवारी नव्हती. ती तिने स्वतःहून पत्करलेली निवृत्ती होती, हे लक्षात घेतले की पुढचे सगळे उलगडत जाते.

सिया मूळची ॲडलेडची. नव्वदच्या दशकात ती तिथल्या 'क्रिस्प' या बँडमध्ये गात होती. पुढे लंडनला गेल्यावर 'झीरो सेव्हन' या ब्रिटिश जोडगोळीच्या 2001 च्या अल्बममधील तिच्या आवाजाने जाणकारांचे लक्ष वेधले. 2004 च्या अल्बममधील तिचे 'ब्रीद मी' हे गाणे 2005 मध्ये 'सिक्स फीट अंडर' या अमेरिकन मालिकेच्या अखेरच्या भागात वाजले आणि अमेरिकेत तिला श्रोतृवर्ग मिळाला. मात्र 2010 च्या सुमारास प्रकृतीने साथ सोडली, थायरॉइडशी संबंधित ग्रेव्हज आजाराचे निदान झाले आणि कार्यक्रम रद्द करावे लागले. त्यातच दौरे, मुलाखती आणि रस्त्यात ओळखले जाणे या साऱ्यांचा तिला मनापासून उबग आला होता. गाणे हवे होते, पण प्रसिद्धी नको होती. आणि पॉप संगीतात अशा माणसासाठी एकच खुर्ची रिकामी असते, ती म्हणजे लेखकाची.

या लेखनाची रीत आपल्या भावगीतापेक्षा वेगळी आहे. आपल्याकडे बहुधा कवीची रचना आधी असते आणि संगीतकार तिला चाल लावतो. अमेरिकन पॉपमध्ये निर्माता आधी वाद्यांचा आणि तालाचा सांगाडा तयार करतो, ज्याला 'ट्रॅक' म्हणतात, आणि त्यावर चाल व शब्द एकत्र रचणाऱ्याच्या कामाला 'टॉपलाइन' म्हणतात. सिया यात विलक्षण वेगवान होती. 'डायमंड्स'चा सांगाडा बेनी ब्लँको आणि 'स्टारगेट' या नॉर्वेजियन जोडीचा. त्यावरचे शब्द तिने अवघ्या 14 मिनिटांत लिहिले असे सांगितले जाते. या गाण्यांची नावे एका ओळीत मांडून पाहा: 'टायटॅनियम', 'डायमंड्स', 'शँडेलिअर'. प्रत्येक गाणे एका वस्तूवर उभे आहे आणि ती वस्तू हळूहळू माणसाच्या अवस्थेचे रूपक बनते. ज्या गायकाला आपण ओळखत नाही, त्याच्याही तोंडी शोभेल असे गाणे लिहायचे तर स्वतःच्या आयुष्याचे तपशील वगळावे लागतात, आणि मला वाटते की ही वस्तूंची युक्ती तिला तिथेच सापडली असावी.

आता आपल्या शंकेविषयी. टॉपलाइन रचल्यावर लेखक ती स्वतः गाऊन डेमो पाठवतो. मुंबईच्या स्टुडिओत ज्याला 'स्क्रॅच' म्हणतात, त्याच्या जवळची ही गोष्ट. ज्याच्यासाठी गाणे लिहिले तो गायक हा डेमो ऐकून गाणे बसवतो, आणि डेमो गाणारीचा गळा सियासारखा असेल तर तिचे उच्चार, तिच्या हरकती आणि व्यंजने गिळण्याची सवय हे सगळे चालीबरोबरच पुढे जाते. रिहानाच्या गायनात आपल्याला जे ऐकू आले ते हेच आहे.

'टायटॅनियम'च्या वेळी तर डेमो पुसलाच गेला नाही. फ्रेंच निर्माता डेव्हिड गेटा यासाठी ते गाणे रचले होते. केटी पेरीला विचारणा झाली, तेव्हा तिने डेमोतला आवाजच ठेवावा असे सुचवले. मेरी जे. ब्लाइज हिच्या आवाजातही एक आवृत्ती झाली होती. अखेर 2011 मध्ये गाणे बाहेर आले ते सियाच्या आवाजात, आणि तेही तिला न विचारता. तिला राग आला, कारण ती निवृत्त झाली होती! पण गाणे युरोपभर वाजले, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले, आणि पडद्यामागे बसलेली व्यक्ती आवाजावरून ओळखली गेली.

हिशेबाची_वही

वरील प्रतिसाद उत्तम आहे. केवळ पैशाची बाजू जोडतो, कारण 'गाणे देऊन टाकले' हा शब्दप्रयोग दिशाभूल करतो. गाण्यावर दोन वेगवेगळे हक्क असतात: एक रचनेवरचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा, आणि दुसरा ध्वनिमुद्रणावरचा. लेखक गायकाला गाणे देतो तेव्हा रचनेवरचा हक्क आपल्याकडे आणि आपल्या प्रकाशकाकडे ठेवूनच देतो. शिवाय अमेरिकेतील कायद्याची एक गंमत अशी की, साध्या रेडिओवर गाणे वाजले की रचनाकाराला मानधन मिळते, गायकाला मिळत नाही. गाण्याच्या प्रत्येक प्रतीमागे रचनेसाठी ठरलेला दर 2006 पासून 2022 पर्यंत 9.1 सेंट होता आणि 2023 मध्ये तो 12 सेंट झाला. 'डायमंड्स'चे चार रचनाकार आहेत, त्यामुळे त्या 9.1 सेंटचे किती तुकडे झाले असतील याचा अंदाज करता येईल. पण रिहानाच्या आवाजात ते गाणे अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सलग तीन आठवडे पहिले होते, आणि त्या प्रमाणात तुकडेही पुरेसे मोठे होतात. दौरा नाही, मुलाखत नाही, छायाचित्रकार नाहीत. तिच्या प्रकृतीचा विचार करता हा सौदा वाईट नव्हता.

दुसरी बाजूही आहे. गायक गाणे 'होल्ड'वर ठेवतो, म्हणजे ते दुसऱ्याला देता येत नाही आणि त्याचे ध्वनिमुद्रणही होत नाही. 'प्रिटी हर्ट्स' काही महिने रिहानाकडे असेच अडकले होते आणि नंतर ते बियॉन्सेकडे गेले.

आपल्याकडे 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतील समान वाट्याचा हक्क दिला, आणि तो हक्क निर्मात्याच्या नावे लिहून देता येत नाही. त्याआधी अनेकांनी एकरकमी पैसे घेऊन सगळे सोडून दिलेले आहे. म्हणूनच आपल्याला 'दिले' हा शब्द इतक्या सहज सुचतो.

कोपऱ्यातला_श्रोता

थोडा मतभेद नोंदवतो. सियाला प्रसिद्धी नको होती हे मान्य. परंतु 2013 मध्ये 'बिलबोर्ड' या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर डोक्यात कागदी पिशवी घालून येणे आणि 2014 पासून डोळे झाकणारा केसांचा टोप वापरणे हीदेखील प्रसिद्धीच होती, आणि फार चतुर प्रसिद्धी होती. लतादीदींनी 'आनंदघन' या नावाने मराठी चित्रपटांना संगीत दिले, तेव्हा तो मुखवटा पाहणाऱ्याला मुखवटा असल्याचे कळतही नव्हते. 'साधी माणसं'ला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा कुठे आनंदघन कोण हे जाहीर झाले. सियाचा टोप मात्र लांबूनच ओळखू येतो.

मंद्र_सप्तक

कोपऱ्यातला_श्रोता यांचा मुद्दा मला निम्मा पटतो. टोप ही जाहिरात झाली खरी. परंतु त्यामागे एक ठोस अट होती. 2014 च्या अल्बमसाठी करार करताना तिने दौरे आणि प्रसिद्धीचे बंधन स्वीकारले नाही. 'शँडेलिअर'च्या चित्रफितीत तिच्या जागी अकरा वर्षांची मॅडी झीगलर ही नर्तकी तोच टोप घालून नाचते. अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला आणि गाण्याला ग्रॅमीची चार नामांकने मिळाली. चेहरा बाजारात न ठेवताही गाणे चालते हे सिद्ध झाल्यावरच ती गायनाकडे मोकळेपणाने परतली, असा माझा अंदाज आहे.

जुनी_कॅसेट यांच्या शीर्षकातील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जानेवारी 2016 च्या 'धिस इज ॲक्टिंग' या अल्बममध्ये आहे. त्यातील बहुतेक गाणी इतरांसाठी लिहिलेली आणि त्यांनी न घेतलेली आहेत. अल्बमच्या नावातच 'हा अभिनय आहे' अशी कबुली आहे. 'चीप थ्रिल्स' रिहानासाठी होते. तिने ते घेतले नाही. त्याच गाण्याने, शॉन पॉल याच्या साथीने, ऑगस्ट 2016 मध्ये सियाला गायिका म्हणून अमेरिकेच्या यादीतील पहिले स्थान पहिल्यांदा मिळवून दिले. 'अलाइव्ह' हे गाणे तिने अ‍ॅडेल आणि टोबायस जेसो ज्युनिअर यांच्यासह लिहिले होते. अ‍ॅडेल ते आपल्या '25' या अल्बममध्ये घेणार होती, पण शेवटी तिने घेतले नाही. ऐकायचेच असेल तर या गाण्यापासून सुरुवात करावी.

जुनी_कॅसेट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुचवल्याप्रमाणे आज 'अलाइव्ह' दोनदा ऐकले. पहिल्या खेपेस ध्रुवपदाच्या उंच स्वरांवर सिया स्पष्ट दिसत होती. दुसऱ्या खेपेस मात्र केवळ कडव्यांकडे लक्ष दिले, आणि तिथल्या खालच्या, संथ ओळी कोणाच्या गळ्याचा विचार करून रचल्या असतील हे ओळखायला वेळ लागला नाही.