पाच-सहा दिवस उभी राहिली की पद्मिनी उठेना, काय बघू?

खानापूरकर:
वडिलांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल. रोज चालवली तर अर्ध्या सेल्फला उठते. पण पाच-सहा दिवस शेडात राहिली की चोक ओढून वीस-वीस वेळा सेल्फ मारायचा, कधी बॅटरीच बसते. एकदा उठली की बेळगावपर्यंत तक्रार नाही. गॅरेजवाल्यानं दोनदा कार्बोरेटर धुतला, प्लग-पॉइंट बदलले. आता नवा कार्बोरेटर घाला म्हणतोय. घालू का? वडील गेल्यापासून या गाडीला दुसऱ्या कुणाला द्यायचं मनात येत नाही.

शहापूर१९६९:
थांबा दादा, घालू नका. चालताना नीट आहे म्हणजे जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक भोकं) साफ आहेत. पुढच्या रविवारी सेल्फ मारायच्या आधी कार्बोरेटरच्या तोंडात दोन चमचे पेट्रोल ओता, हवेचा फिल्टर परत बसवा, मग किल्ली फिरवा. लगेच उठून थोड्या वेळात बंद पडली तर स्पार्क ठीक, पेट्रोल पोचत नाही. शेडाबाहेर करा, जवळ बिडी-काडी नको.

उद्यमबाग मिस्त्री:
बरोबर सांगूलेत. या गाडीची टाकी मागं, पंप पुढं इंजिनावर. कॅमशाफ्टवर चालतो, म्हणजे इंजिन फिरेल तेव्हाच ओढणार. उभ्या गाडीत फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या छोट्या टाकीतलं, पेट्रोल उडून जातं. त्यात पंपाचा व्हॉल्व्ह धरत नसेल किंवा ओढणाऱ्या बाजूच्या रबरी पाइपला चीर असेल, तर लाइनमधलं पेट्रोल मागं टाकीत उतरतं. मग तुमचे वीस सेल्फ नुसती हवा ओढण्यात जातात. फसवणारी गोष्ट अशी की त्या बाजूची चीर पेट्रोल गाळत नाही, हवा आत घेते. खाली डाग शोधून काही मिळत नाही. टाकीजवळचा रबरी तुकडा वाकवून बघा, चिरा तिथंच दिसतात.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतंय. जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं. पाइप घेताना इथेनॉलला चालणाराच मागा, साधा पाण्याचा नको. क्लिपाही नव्या घाला. टाकीचं झाकण काढताना सुस्सकन आवाज आला तर हवेचं भोक बुजलंय, तेही साफ करा.

खानापूरकर:
दोन चमच्यांत उठली आणि लगेच बंद पडली! टाकीजवळचा पाइप वाकवला तर तीन चिरा. बदलला. यावेळी सहा दिवसांनी दुसऱ्या सेल्फला उठली. फार आभार. एकच शंका, डिपस्टिकला (ऑइल मोजायच्या पट्टीला) पेट्रोलचा वास येतोय आणि ऑइल वाढलेलं दिसतंय.

उद्यमबाग मिस्त्री:
मग गाडी बाहेर काढू नका. इतके सेल्फ मारल्यानंही थोडं पेट्रोल खाली ऑइलात उतरतं, पण पातळी वाढलीय म्हणजे पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा) फाटलेला असू शकतो. पंपाच्या पोटाला छोटं भोक असतं, तिथं ओल आहे का बघा. नसली तरी डायफ्रॅमची किट घाला, महाग नाही. मग ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग जातात, आणि पद्मिनीची बेअरिंग आता शोधावी लागतात. जुना पंप टाकू नका, बॉडी चांगली असेल तर तीच वापरा.