मदत हवी आहे: भाऊ बायकोचा मार खातोय, त्याला कुठे घेऊन जाऊ?

नमस्कार मंडळी. घरातलं आहे, म्हणून नवीन आयडीने लिहितेय.

धाकटा भाऊ नाशिकला असतो. लग्नाला ६ वर्षं झाली, मुलगी ४ वर्षांची आहे. मे महिन्यात आमच्याकडे आला तो भर उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. आमरसाची वाटी पुढे घेताना बाही वर सरकली आणि कोपराखाली चावल्याची गोल खूण दिसली, कडेने पिवळी पडलेली. म्हणाला, छोटी चावली. चार वर्षांच्या पोरीचा जबडा एवढा नसतो हो.

रात्री गच्चीवर बोलला. दोन वर्षं चाललंय. पगार झाला की पैसे तिच्या खात्यात वळवायचे, मोबाइल रोज दाखवायचा, आईला फोन केला की चार दिवस अबोला. आणि मार. एकदा लाटणं, एकदा उकळत्या चहाचा कप. "मी हात उचलला तर मीच आत जाईन, ताई," म्हणाला. मी सरळ विचारलं, तू कधीच नाही मारलंस? एकदा ढकललं, तिचा खांदा दाराला लागला. हेही लिहितेय, कारण अर्धं सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

तेव्हापासून वाचत बसलेय. जॉन आर्चर या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, बहुतेक अमेरिकेतले. जोडीदारावर हात उचलण्यात बायका पुरुषांच्या बरोबरीने, किंचित पुढेच निघाल्या. पण जखमी होणाऱ्यांत ६२ टक्के बायकाच होत्या. आपल्याकडे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जवळपास २९ टक्के विवाहित बायकांनी नवऱ्याची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. नवरा मारत नसताना आपणहून त्याच्यावर हात उचलल्याचं सांगणाऱ्या साधारण ४ टक्के. तेव्हा "बघा, बायकाही तेवढ्याच" म्हणायला कृपया कुणी येऊ नका. मी चाळीत वाढले. शेजारच्या काकूंच्या बांगड्या फुटल्याचा आवाज भिंतीतून यायचा आणि आई आमच्या रेडिओचा आवाज वाढवायची. ते विसरून मला भावाची बाजू घ्यायची नाही. पण त्याचा हातही मी डोळ्यांनी पाहिलाय.

मायकेल जॉन्सन हे अभ्यासक दोन प्रकार वेगळे करतात. एक, भांडण विकोपाला जाऊन झालेली हाणामारी. यात दोघंही असतात. दुसरा, पैसा, फोन, नातेवाईक सगळं मुठीत ठेवण्यासाठी केलेला मार. हा त्यांना बहुतांशी पुरुषांकडून होताना दिसला. भावाचं प्रकरण मला दुसऱ्यातलं वाटतं, फक्त माणसं उलटी. की बहीण म्हणून मला तसं दिसतंय?

कायद्याचं थोडं कळलंय. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दाद फक्त बाईला मागता येते. दुखापतीची तक्रार मात्र कुणीही करू शकतं, आणि क्रूरतेवरून घटस्फोट नवऱ्यालाही मागता येतो. त्याला यातलं काहीच नकोय. एकदा चौकीत गेला होता, तिथे "बायकोचा मार खातोस?" म्हणून हसले. आता मुलगी तुटेल या भीतीने गप्प आहे.

समुपदेशनाला दोघांनी एकत्र जावं की त्याने एकट्याने? ताबा ठेवणारी हिंसा असेल तर एकत्र बसवू नये, खोलीत बोललेलं घरी भोवतं, असं वाचलं. नाशिककडे पुरुषाचं न हसता ऐकून घेणारं कुणी आहे का? आणि छोटीशी काय बोलावं? हल्ली ती बाहुलीला चापट मारून "गप्प बस" म्हणते.

भर: ज्यांनी टेलिमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ नंबर सुचवला त्यांचे मनापासून आभार. काल ऑफिसच्या जिन्यात बसून त्याने फोन केला, बराच वेळ बोलला. तिच्या माहेरी बोला असं दोघांनी लिहिलंय, पण त्याला न विचारता मी ते करणार नाही. जुन्या जखमांची आता डॉक्टरकडे नोंद होते का, एवढं कुणी सांगेल का? चहाने भाजलेला डाग अजून आहे.