योसेमिटी, मे अखेर: आईबाबांना मिस्ट ट्रेलवर कुठपर्यंत न्यावं?

नमस्कार. आईबाबा पुण्याहून आलेत. मेच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात नेतोय, राहणं तिथल्या व्हॅलीतच आहे. अडलंय ते मिस्ट ट्रेलपाशी, म्हणजे व्हर्नल आणि नेवाडा या धबधब्यांच्या माथ्यावर चढणाऱ्या पायवाटेपाशी.

बाबा ६६ वर्षांचे. दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढतात, त्यामुळे नेवाडा फॉलचा माथा गाठायचाच असं त्यांनी फोटो बघूनच ठरवून टाकलंय. आईचं दुखणं गुडघ्यांचं. सपाटीवर ती आम्हाला मागे टाकेल, चढही हळूहळू चढते, पण पायऱ्या उतरताना हाल होतात. त्यात "तुम्ही जा, मी बसते इथे" हे ती मनापासून कधीच म्हणत नाही!

नकाशावरून मला कळलं ते असं: वाट सुरू होते त्या हॅपी आयल्सपासून नदीवरचा पूल १.३ किमी, चढ साधारण १२० मीटर. पुढे व्हर्नल फॉलच्या माथ्यापर्यंत सहाशेच्या वर दगडी पायऱ्या, तुषार अंगावर घेत. नेवाडाच्या माथ्यापर्यंत एकूण चढ सहाशे मीटर. पुलापर्यंतचा रस्ता आईला झेपेल का? ती तिथून मागे फिरली तर एकटी कुठे थांबेल? आणि तिला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, उंचीचा त्रास होईल का?

कातळवेडा
उंचीची काळजी नको. व्हॅली १२०० मीटरवर आहे, महाबळेश्वरपेक्षाही खाली. बाबांचा चढही साधारण सिंहगडाएवढाच.

पुलापर्यंत रस्ता पक्का आहे, पायऱ्या नाहीत, पण चढ चांगलाच उभा आहे. आईंना काठी द्या. पुलावरून व्हर्नल समोर दिसतो आणि तिथे स्वच्छतागृह आहे, त्यामुळे निवांत बसता येतं. परतीला हॅपी आयल्सहून फुकट शटल आहे.

बाबांना एकच सांगा: मिस्टने चढा, पण मिस्टने उतरू नका. मे-जूनमध्ये बर्फ वितळून मर्सेड नदी फुगलेली असते, पायऱ्या ओल्याचिंब, आणि त्याच अरुंद वाटेवर वर येणाऱ्यांची रांग. नेवाडाच्या माथ्यावरून जॉन म्यूर ट्रेल या दुसऱ्या वाटेने क्लार्क पॉइंटमार्गे उतरायचं. लांब पडतं, पण उतार सौम्य आणि बराचसा कोरडा. पुलाच्या जरा वर दोन्ही वाटा पुन्हा एक होतात. माथा ते क्लार्क पॉइंट हा तुकडा बर्फामुळे कधीकधी उशिरा उघडतो, निघायच्या आदल्या दिवशी पार्कच्या संकेतस्थळावर बघा. बंद असेल तर व्हर्नलच्या माथ्यावरूनही क्लार्क पॉइंटला चढून जाता येतं.

सनीवेलकर
वरच्याशी सहमत, फक्त आईंना पुलावर तासन्तास बसवू नका. बाबांना वर जाऊन यायला पाच-सहा तास सहज लागतील. एकाने आईंबरोबर परत फिरून त्यांना लोअर योसेमिटी फॉलला न्यावं. दीड किलोमीटरची सोपी फेरी आहे. योसेमिटी फॉल्सची एकूण उंची ७३९ मीटर, आणि ऑगस्टपर्यंत तो बहुधा आटतो, म्हणजे आईंच्या वाट्याला काही उरलंसुरलं येतंय असं मुळीच नाही. उलट मेमधला खरा मानकरी तोच. भेटायची जागा आणि वेळ सकाळीच ठरवा, ट्रेलवर फोनच्या रेंजच्या भरवशावर राहू नका.

व्हर्नलच्या वरच्या बाजूला एमराल्ड पूल नावाचा हिरव्या पाण्याचा डोह लागतो. दिसतो शांत, पण पाय बुडवायलाही जाऊ नका. २०११ साली व्हर्नलच्या माथ्यावर कठडा ओलांडून गेलेले तिघे वाहून गेले. आपल्याकडच्या भुशी डॅमवरच्या सवयी इथे नकोत.

आणि रात्री गाडीत खाणं ठेवायचं नाही. अस्वलं दारं उचकटतात. आईंच्या लाडवांचा डबासुद्धा अस्वलांना न उघडणाऱ्या लोखंडी पेटीत.

धागाकर्ती
दोघांचे आभार. लोअर फॉलची कल्पना आईला आवडली, बहीण तिच्याबरोबर राहील. बाबांना क्लार्क पॉइंटचा फेरा सांगितला, तर म्हणाले, "मग पाणी जास्त घेऊ." म्हणजे मी त्यांच्याबरोबर जाणार हे ठरलंच. आता एकच विचारते: साध्या रेनकोटने भागतं का, की पायऱ्यांवर बूटसुद्धा आतून भिजतात? बाबा सिंहगडावरचे कॅनव्हासचे बूट घेऊन आलेत आणि नवे घ्यायला तयार नाहीत.

कातळवेडा
बूट भिजतातच. कॅनव्हास चालेल, पण तळवा झिजलेला असेल तर ओल्या ग्रॅनाइटवर अजिबात नको. जास्तीचे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत घ्या, आणि सकाळी सातच्या आत चालायला लागा.